पाण्यातले देव

मुलुंडच्या त्या चाळीत श्यामकांत रेग्यांइतका देवाधर्माची टिंगल करणारा दुसरा माणूस नव्हता. बायको सुहासिनी सकाळी देवघरापुढे बसली, की ऑफिसचे बूट चढवता चढवता हे हमखास विचारणार, "काय गं, उठले का तुझे देव? की अजून लोळतायत?" ती बिचारी हसायची आणि फूल वाहायची. समोरचं माणूस हसून सोडून देतंय म्हटल्यावर टिंगल करणाऱ्याला चेवच येतो!

त्या वर्षी सुहासिनीला टायफॉईड झाला. इस्पितळात तिची शुद्ध हरपली. डॉक्टर "बघू या" एवढंच म्हणाले.

घरी येऊन श्यामकांतराव तडक देवघरापुढे बसले. स्तोत्र एक येईल तर शपथ. संकट आलं की आई देव पाण्यात ठेवायची, एवढंच आठवत होतं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळे उचलून त्यांनी तांब्याच्या घंगाळात पाण्यात ठेवले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. "तिचा ताप उतरव रे बाबा! उतरला की आधी तुला बाहेर काढीन, मग दुसरं काम. माझ्या थट्टेचा राग तिच्यावर काढू नकोस."

एवढं करून चाळीत कुणाला कळायला नको म्हणून घंगाळ मोरीजवळच्या कोपऱ्यात सरकवलं, वर ताट झाकलं. देवापुढे रडायची लाज नाही वाटली, पण शेजाऱ्यांची वाटली.

आणि ताप उतरला हो! श्यामकांतराव आनंदानं वेडे व्हायचे बाकी राहिले. डॉक्टरांना पेढे, नर्सबाईंना पेढे, अख्ख्या चाळीला पेढे. पुढे बायकोला टांग्यातून घरी आणलं तेव्हाही हातात पेढ्यांचा पुडा होता. जिन्यात भेटेल त्याला वाटत वाटत वर आले आणि उरलेला शेवटचा पेढा स्वतःच तोंडात टाकला.

सुहासिनी भिंतीला धरून आधी देवघराकडे गेली. देवघर रिकामं!

"अहो, देव कुठेत?"

पेढा घशात अडकला. "ते... घासायला काढलेत," श्यामकांतराव बोलून गेले. मेलं खोटंसुद्धा धड सुचलं नाही. नजर मोरीकडे गेली, आणि तिच्या मागोमाग सुहासिनीची.

तिनं ताट उचललं. पाणी हिरवं झालं होतं, वास मारत होतं. बाळकृष्णाच्या तोंडावर शेवाळ चढलं होतं.

"माझ्यासाठी ठेवलेत?" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही?"

श्यामकांतरावांनी मान हलवली. आता तरी ही ओरडेल, चार शब्द सुनावेल, तर बरं होईल असं त्यांना झालं. सुहासिनी मात्र खाली बसली आणि बाळकृष्णाला बाहेर काढून पदरानं त्याचं तोंड पुसू लागली.

"मी बरी झाले ते सगळ्या चाळीला सांगितलंत," ती हळूच म्हणाली, "ह्यांनाच सांगायचं राहिलं होय?"

श्यामकांतराव तिच्याशेजारी बसले, चिंच घेऊन अन्नपूर्णा घासू लागले. मान वर करायची सोय नव्हती. देव स्वच्छ होऊन देवघरात बसले, दिवा लागला. सुहासिनीनं हात पुढे केला.

"तो पेढ्यांचा पुडा द्या बघू, नैवेद्य दाखवते."

श्यामकांतरावांच्या तोंडात अजून पेढ्याची गोडी होती.