डिपॉझिट आणि दूध चोरणारी म्हैस

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि हे कोंबडीच्या पायांसारखं अक्षर, दोन्हींबद्दल माफी असावी. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल कमी आणि म्हशीचे सड जास्त आले. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कुणी वाचलंच तर आधी सांगितलेलं बरं.

रॉकेलला रांगा लागायच्या तेव्हाची गोष्ट. थोरला मुलगा शाळेच्या वयाचा झाला आणि आमच्या मालकांच्या डोक्यात इंग्रजी शाळा शिरली. शाळा खाजगी. डिपॉझिट भरलं तरच जागा. म्हशींच्या सरकी पेंडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मालकांनी तिथं भरून टाकले. मग तिथल्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "घरात मुलाशी इंग्रजीतच बोलायचं हं." मी पदराचं टोक चावत मान हलवली.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "आनि पोरगं म्हशीसंगं काय बोलंल? तिला मराठी बी धड कळत न्हाय."

मालकांनाही हसू आलं. शाळा उघडायच्या आधीच आम्ही नाव काढून घेतलं आणि मुलाला घरामागच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत घातलं.

उघडण्याआधी नाव काढलं तर डिपॉझिट पूर्ण परत, असं शाळेनंच सांगितलं होतं. पण मालक पैसे मागायला गेले की शाळेचा क्लार्क म्हणायचा, "सेक्रेटरीसाहेबांची सही व्हायचीय." पुढं मालकांना वेळ होईना म्हणून मला धाडू लागले. मला परक्या माणसापुढं तोंडच उघडता येत नसे. बाकावर बसायची आणि उठून यायची. एकदा शिपायाला माझी दया आली. मोटारीत बसणाऱ्या एका गृहस्थाकडं बोट करून तो हळूच म्हणाला, "त्येच सायेब, वैनी. सही त्येंच्या हातात हाय, पर हात खिशातनं निघंल तवा."

इकडं पेंडवाल्यानं उधारी बंद केली. एक म्हैस विकायची असं ठरलं, आणि मालक म्हणाले, तुझीच विकू. ती मला माहेरच्यांनी आंदण दिलेली, मुरगूडहून माझ्या मागोमाग चालत आलेली. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दूध देत नसे. ही तिची खोड मालकांना नको होती. मला तेवढीच हवी होती.

त्या खोडीमुळंच संध्याकाळी मला तिच्याबरोबर कट्ट्यावर जावं लागे. आमच्या गावात चौकातल्या कट्ट्यावर म्हशी येतात आणि माणसं पेला पुढं करून ताजी धार तिथंच उभ्यानं पितात. पिळणारे सगळे पुरुष, बाईमाणूस मी एकटी. पण माझं डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं, त्यामुळं कुणाचं तोंड दिसत नसे, पेले आणि पाय तेवढे दिसत. पैसे आत्याबाई घ्यायच्या.

एका संध्याकाळी चकचकीत बूट पुढं आले. कधी नव्हे ते मी मान वर केली. तेच साहेब!

मी डोकं परत म्हशीच्या पोटाला टेकलं आणि मूठ चालवत राहिले. फक्त अंगठा सैल सोडला. सड वरून आवळला नाही तर मूठ कितीही चालवा, दूध खाली न येता परत वर जातं. बघणाऱ्याला वाटतं, बाई पिळतेच आहे.

"काय झालं?" साहेब.

"म्हस दूध चोरती जनू," आत्याबाई म्हणाल्या. साहेबांना चार थेंब आणि वर फेस मिळाला. त्यांच्यामागं एक पैलवान उभा होता, त्याचा पेला काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. घरी आल्यावर आत्याबाईंनी मला धरलं, "त्या बूटवाल्यालाच कशी गं चोरती तुझी म्हस?" मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर बसल्या.

मग पुढची बाजू त्यांनी घेतली. तिसऱ्या दिवशी साहेब चिडून म्हणाले, "आजी, माझ्याच वेळेला का हो?"

"मुकं जनावर, पर त्येला कळतंय, सायेब. कुनाचं पैसं आडकवून ठिवलेल्या मानसाला ती देत न्हाय."

पैलवान फसकन हसला. "कुनाचं आडकवलंय, सायेब? देऊन टाका की!"

"माझ्याकडं कुणाचं काही नाही!"

"आठवून बगा," आत्याबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. "एकांद्या पोराचं शाळंचं डिपॉझिट-बिपॉझिट?"

साहेब खाली वाकून म्हशीच्या पोटाखालून माझ्याकडं बघू लागले. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. आत मला हसू आवरत नव्हतं. म्हशीचं अंगही हलायला लागलं, ते माझ्यामुळंच.

"पोरांच्या शाळंचं पैसं?" पैलवान अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला. "मग म्हस लाथ घालंना ह्येच नशीब म्हना, पावणं!"

साहेब पेला तिथंच ठेवून गेले. ते आता परत येत नाहीत असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पेंडवाल्यानं म्हशीसाठी गिऱ्हाईकही आणलं होतं. तो माणूस तिचे दात बघत होता, तेवढ्यात शाळेचा क्लार्क सायकलवरून कट्ट्यावर आला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

आत्याबाईंनी नोटा मोजल्या. "कमी हाईत."

"फॉर्मचे आणि कागदपत्रांचे कापलेत."

"सायेब येनार हाईत का दूध प्यायला?"

"मागून येताहेत."

"मग थांबा. म्हशीला इचारू दे."

आजूबाजूचे पेलेवाले खो खो हसले. क्लार्कनं माझ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, आणि दुसऱ्या खिशातून राहिलेल्या नोटा काढल्या. कापलेले पैसे त्यानं आधीच वेगळे ठेवले होते. आत्याबाईंनी थुंकी लावून पुन्हा पहिल्यापासून मोजलं, गिऱ्हाइकाला "जावा आता" म्हणून हातानं वाट दाखवली आणि सगळे पैसे माझ्या ओटीत टाकले. पै न पै भरली होती.