नाव दिसेल अशी थप्पी

चौदाव्या थरावरचं शेवटचं पोतं मी बसवलं आणि पायाखालची थप्पी हलली. फार नाही, बोटभर. पण थप्पीवर उभ्या असलेल्या हमालाला बोटभर पुष्कळ होतं. खाली मॅनेजर रेगेसाहेब मान वर करून बघत होते. म्हणाले, "वा दाविद, काय सुरेख दिसतंय."

मी उतरलो आणि सांगितलं, "साहेब, ही उभी राहायची न्हाई."

ते म्हणाले, "आत्ता तर उभी आहे."

साहेब शिकलेले होते. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सोनईकडचा, मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढं शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही आठवण केली नाही.

कंपनी काय होती ते सांगतो. लढाईचे दिवस होते. नगरच्या कॅम्पात पलटणी भरलेल्या. कॅम्पाच्या रस्त्यावर आमच्या कंपनीचं मोठं दुकान. आता माझे नातू ज्याला सुपरमार्केट म्हणतात तसंच समजा. साबण, बिस्किटं, चहा, तेल, धान्य, कापड, सगळं एका छपराखाली. फरक एवढाच की तेव्हा गिऱ्हाइकानं मालाला हात लावायचा नसे. दुकानाच्या मागं गोदाम. त्या गोदामात मी थप्पीवाला होतो, रोजंदारीवर. माझी बायको मार्था तिथंच गहू निवडायला. अशा दहा-बारा बाया होत्या. वरच्या झरोक्यातून उजेड पडायचा तो नेमका थप्पीच्या पायाशी, म्हणून त्या तिथं सुपं घेऊन बसायच्या.

थप्पी म्हणजे पोत्यांची रास नव्हे. रास कुणीही करतो. थप्पीत पहिला थर पोती लांबट ठेवून करायचा, दुसरा आडवा. तिसरा परत लांबट. खालची दोन पोती वरच्या एका पोत्यानं धरून ठेवायची, भिंतीत विटा एकमेकींना धरतात तशी. अशी थप्पी वर्षभर हलत नाही. याला आम्ही बांध म्हणायचो. बांध नसेल तर नुसती पोत्यावर पोती, आणि त्यांना एकमेकांचं काही देणंघेणं नाही.

बांध का नव्हता, तर मेमसाहेब येणार होत्या म्हणून.

मोठ्या साहेबांच्या मेमसाहेब कंपनीच्या कार्यक्रमाला येणार असं ठरलं, आणि एका कार्यक्रमात तीन कामं उरकायची असंही ठरलं. पहिलं, चांगल्या कामगाराला बिल्ला. दुसरं, गोदामात इतके दिवस एकही अपघात नाही, त्याच्या फळीचा मान. तिसरं, जखमी शिपायांसाठी फंड. फंडाला प्रत्येकानं एक दिवसाची मजुरी आपखुशीनं द्यायची होती. आमची खुशी आदल्या शनिवारीच कापून घेतली होती.

अपघाताच्या फळीचंही सांगितलं पाहिजे. गोदामाच्या दारावर काळी फळी होती, तिच्यावर हेडक्लार्क रोज खडूनं आकडा वाढवायचा. आकडा कधी कमी झाला नाही. आमच्या गोदामात अपघात होतच नसत. माणसं रजेवर जात. खंडू हमालाचा अंगठा वजनकाट्याखाली चिरडला, तेव्हा खंडू लग्नाला गेला असं लिहिलं. खंडूची बायको समोर गहू निवडत होती. तिला कुणी विचारलं नाही कुणाचं लग्न.

तर रेगेसाहेबांना फोटोत कंपनीचं नाव पाहिजे होतं. एकदा नाही, भिंतभर. त्यांनी नवी कोरी पोती भरून घेतली आणि प्रत्येकाच्या लांब बाजूवर निळ्या रंगात नाव छापलं. मग मला म्हणाले, सगळी पोती लांबट लाव, प्रत्येक थरावर नाव दिसलं पाहिजे. मी सांगितलं की एकाआड एक थर आडवा लागतो. आडव्या थराचं नुसतं बूड दिसणार, नाव दिसणार नाही. त्यांनी विचारलं, "शाळा किती झाली तुझी?" मी म्हणालो दुसरी. "मग," ते म्हणाले. एवढंच. सगळा वाद त्या एका "मग"मध्ये संपला.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. म्हणालो असतो. पण तो बिल्ला मला मिळणार होता. नाव यादीत लिहून झालं होतं. बिल्ल्याबरोबर नोकरी कायम, आणि कायम माणसाला कंपनीच्या चाळीत एक खोली. आम्ही तेव्हा भिंगारला एका गोठ्याला लागून राहायचो. मधे कुडाची भिंत. म्हैस अंग घासायची आणि आमची भांडी वाजायची. मार्था चाळीतली ती खोली दोनदा बघून आली होती. चूल कुठं मांडायची, पाण्याचा हंडा कुठं, खुंटी कुठं, सगळं तिनं ठरवून टाकलं होतं. मी थप्पी लावली ती तिच्या चुलीसाठी. नवी पोती गुळगुळीत असतात, तीही एकावर एक, बांध नाही. चौदा थर. हे मी डोळ्यांनी बघत बघत केलं.

संध्याकाळी भिंगारकडं चालत जाताना मार्था म्हणाली, "तुमच्या थप्पीला पोट सुटलंय."

मी म्हणालो, कुठं सुटलंय.

"मी दिसभर खाली बसते. तुमी वर आसता. खालून पोट दिसतं, वरून नुसती शोभा."

मी तिला सांगितलं, उद्याचा तासाभराचा तर प्रश्न. फोटो झाला की मी उतरवतो सगळी. तेवढा वेळ टिकंल.

ती काही वेळ बोलली नाही. मार्था बोलायची थांबली की मला भीती वाटायची, बोलत असताना कधी वाटली नाही. मग म्हणाली, "बाया बसायच्यात ना उद्या फोटोत, थप्पीच्या म्होरं?"

"व्हय."

"मंग मी मदोमद बसते. नवऱ्यानं लावलेली थप्पी हाय. मला कसली भीती?"

मी म्हणालो, कडेला बस. ती म्हणाली, "कडेला मी बसावं आन् मदी दुसरीनं? लई हुशार हाये तुमी."

रात्री जेवण झालं. तिनं परत विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला झोप लागली हेही खरं आहे. लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी गोदाम ओळखू येईना. पताका लावलेल्या, जमिनीवर पाणी मारलेलं, बायांना पांढरी लुगडी वाटलेली. लुगडी कार्यक्रम झाल्यावर परत द्यायची होती. त्या ओळीनं बसल्या, पुढ्यात सुपं. मार्था ठरल्याप्रमाणं मधोमध. तिच्या डोक्याच्या वर निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव चौदा वेळा.

रात्रीतून थप्पीचं पोट वाढलं होतं. मी बिल्लेवाल्यांच्या ओळीत उभा होतो, धुतलेला सदरा घालून. ओळीत मी एकटाच होतो, पण तिला ओळ म्हणायचं होतं. तिथून मला दिसलं की खालच्या एका पोत्याची शिवण उसवली आहे आणि तिच्यातून गव्हाची बारीक धार लागली आहे. धार मार्थाच्या गुडघ्याशी पडत होती. खालचं पोतं रिकामं होऊ लागलं की वरची तेरा कुणाच्या भरवशावर राहणार, हे दुसरी शिकलेल्यालाही कळतं. तिनं ते गहू हातानं गोळा केले, सुपात घेतले, आणि निवडायला लागली. निवडताना एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. भाकरी झाली, जेवायला या, असं सांगताना बघायची, तसं.

मेमसाहेब आल्या. टाळ्या झाल्या. रेगेसाहेबांनी कागद काढला आणि वाचायला लागले. कामगार हे आमचं कुटुंब आहे, त्यांच्या जिवाची काळजी हाच आमचा धंदा आहे, असं बरंच होतं. खंडू अर्ध्या अंगठ्यानं टाळ्या वाजवत होता. फोटोवाल्यानं डोक्यावर काळं फडकं घेतलं.

मी ओळ सोडली. साहेबांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "साहेब, बाया उठवा. शिवण गेली."

ते ओठ न हलवता म्हणाले, "फोटो होऊ दे."

"फोटोपतूर टिकायची न्हाई."

"दाविद, जागेवर जा. बिल्ला पाहिजे ना?"

पाहिजे तर होता. खोटं कशाला बोलू. आत्ताही लिहिताना तो बिल्ला मला दिसतो, पितळेचा, तांबड्या फितीचा, मेमसाहेबांपुढं तबकात ठेवलेला. मी मार्थाकडं बघितलं. ती खडे वेचत होती.

मी म्हणालो, आणि आता मोठ्यानं म्हणालो, "साहेब, मंग तुमी बसा तिथं. मार्थाच्या जागी. कुटुंब हाये ना आमी तुमचं? फोटो चांगला यील."

रेगेसाहेबांनी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा थप्पीकडं नीट बघितलं. वरून खाली, पोटापर्यंत, गव्हाच्या धारेपर्यंत. आणि दोन पावलं मागं सरले.

ती दोन पावलं मेमसाहेबांनी बघितली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण पावलांना भाषा कशाला लागते. त्यांनी साहेबांकडं बघितलं, मग थप्पीकडं, मग माझ्याकडं, आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये किसने बनाया?"

मी म्हणालो, "मैंने. गलत बनाया." मग बायांकडं वळून म्हणालो, "ही थप्पी मी लावली. चुकीची हाय. उठा समद्या. पळू नका, जमीन हलवू नका. हळू उठा."

बाया उठल्या. एकेक करून, लुगडी सावरत, बाहेर आवारात गेल्या. मार्था सगळ्यांत शेवटी उठली. सूप घेऊन उठली. त्यात निवडलेले गहू होते ते सांडले नाहीत. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "लई येळ लावला."

कार्यक्रम आवारात झाला. फोटोत कंपनीच्या नावाऐवजी मागं एक बैलगाडी आली. फंडाची पेटी फिरत होती तेव्हा आतून आवाज आला. आधी घसरल्यासारखा, मग धप्प, मग धप्प धप्प, आणि दारातून धूळ बाहेर आली. पेटी धरलेला माणूस जागच्या जागी थांबला. रेगेसाहेब मेमसाहेबांना म्हणाले की एखादं पोतं पडलं असेल. मी आत जाऊन बघितलं. बाया बसल्या होत्या तिथं माझ्या कमरेइतका ढीग होता. नवी पांढरी पोती, सगळ्यांवर नाव व्यवस्थित दिसत होतं.

मी बाहेर आलो आणि भिंतीला धरून बसलो. मार्थानं पाणी आणून दिलं. काही बोलली नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली नाही.

आता कुणाला काय मिळालं ते सांगून टाकतो. कुणाला इजा झाली नाही म्हणून अपघात झाला नाही, आणि फळीवरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकानं वाढला. बिल्ला हेडक्लार्कला मिळाला, फळी नीट ठेवल्याबद्दल. खोली कंपनीच्या ड्रायव्हरला गेली. मी पुढं तिथं होतो तोवर रोजंदारीवरच राहिलो. तो ढीग उपसून परत थप्पी लावायला मला तीन दिवस लागले. या वेळी बांध घालून लावली, आणि कुणी शाळा विचारली नाही. महिन्याभरानं भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून आलं की थप्पी बांध घालूनच लावावी, तिच्या पायाशी कुणी बसू नये, मॅनेजरांच्या हुकमावरून. ही नवी सुधारणा काढल्याबद्दल वरच्या ऑफिसनं रेगेसाहेबांचं कौतुक केलं आणि त्यांना बढती देऊन पुण्याला नेलं. जखमी शिपायांना किती पोचलं मला माहीत नाही. त्यांना तरी काही पोचलं असेल अशी आशा आहे.

थप्पीच्या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली. नंतर माझ्या हाताखाली पुष्कळ पोरं आली, त्यांना मी एकच गोष्ट शिकवली. थप्पी लावताना तिच्याखाली आपलं माणूस बसलं आहे असं धरून लावायची. परक्याचं माणूस धरलं तर हात ढिला पडतो. माझा पडला होता.

मार्था त्या कार्यक्रमानंतर पन्नासावर वर्षं जगली. गेल्या पावसाळ्यात गेली, तापानं, घरी, खाटेवर. मुलं होती, नातवंडं होती, पाद्रीसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. त्या पन्नास वर्षांत आमचं भांडण झालं की मी हमखास म्हणायचो, तुझा जीव मी वाचवला, बिल्ला सोडला, खोली सोडली तुझ्यासाठी. ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "व्हय. पन लावली बी तुमीच हुती."

आता घरात असं म्हणणारं कुणी राहिलं नाही. मुलं माझं ऐकून घेतात, सुना मान हलवतात, नातू तर सगळ्यांना सांगतो की आजोबांनी आजीला वाचवलं. म्हणून हे मीच लिहून ठेवतो. लावली मीच होती.