यंत्राने सोडलेले कोपरे

पत्रक मी लिहिलं होतं, आणि यंत्र मी पाहिलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते.

भात लावायची यंत्रं शेतकऱ्यांच्या गळ्यात मारू नका, मजूर बायांच्या पोटावर पाय देऊ नका, असं ठणकावून लिहिलं आणि करोल बागेत छापून घेतलं. बाबा केंद्र सरकारात नोकरीला. वाचून म्हणाले, "निष्कर्ष आधी, दौरा नंतर. बिल्कुल आमच्या खात्यासारखं!" मी चिडले आणि दुसऱ्याच सकाळी सोनिपतकडची बस धरली.

ज्या शेतकरीणबाईंकडे गेले, त्यांना सगळे मौसीजी म्हणत. त्यांच्या शेतात त्या दिवशी यंत्र चालवून दाखवणार होते. त्या आणि त्यांची जाऊ मिळून ते घेणार होत्या. संध्याकाळपर्यंत विक्रेत्याला हो की नाही, ते सांगायचं होतं. मौसीजींनी पत्रकावरचं चित्र पाहिलं आणि त्या खो खो हसायला लागल्या.

"बेटी, ये तो गेहूँ बोने की मशीन है!"

दिल्लीत वाढलेले आम्ही चौघं कार्यकर्ते. भाताची रोपं चिखलात लावतात, हे चित्र काढताना एकालाही आठवलं नव्हतं.

मग यंत्र चिखलात उतरलं. चटईसारखी रोपं त्यावर ठेवलेली. चहा होईपर्यंत जवळजवळ सगळं शेत हिरवं. मात्र वळताना चारही कोपरे सुटले. दरवर्षी बिहारहून येणाऱ्या बायांची टोळी बांधावर बसून बघत होती. त्यांची मुकादमीण कुणी न सांगता साडी खोचून उतरली आणि कोपरे लावायला लागली.

मी म्हटलं, "आपका काम जा रहा है. ग़ुस्सा नहीं आता?"

"कमर मेरी है कि आपकी? मशीन आनी चाहिए." आणि त्याच दमात मौसीजींना, "पर हमको बुलाना बंद मत करना."

मी रागवायचं तरी कुणावर? मौसीजी तर मलाच विचारायला लागल्या. टोळी हल्ली उशिरा पोचते, तोवर रोपं जून होतात. यंत्र घ्यावं, तर त्याची रोपं वेगळी, ट्रेमध्ये जपून वाढवायची. लावणीचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर ते ताडपत्रीखाली उभं. "तू पढ़ी-लिखी है. लूँ कि ना लूँ?"

पत्रकातलं एकही वाक्य इथे लागू पडेना. "मालूम नहीं," मी म्हटलं. आमच्या मोहिमेत हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले.

विक्रेता आला. मौसीजींनी त्याला विचारलं, "कोने कौन लगाएगा?"

"आंटीजी, थोड़ा-बहुत तो हाथ से..."

त्या मुकादमिणीकडे वळल्या. "सिर्फ़ कोनों के लिए आएगी?"

"कोनों के लिए इतनी दूर कौन आता है, माताजी?"

विक्रेता पेनचं टोपण उघडत-मिटत राहिला. शेवटी मौसीजी म्हणाल्या, "लिख ले. मशीन ले रहे हैं." आवाजात आनंद असेल तर मला तो ऐकू आला नाही. सही करून त्या सलवार वर खोचून चिखलात उतरल्या. चौथा कोपरा अजून रिकामाच होता.

"ए पर्चेवाली, तू भी आ," मुकादमीण ओरडली.

मी पत्रकं बांधावर ठेवली आणि उतरले. मी लावलेली रोपं मागे एकेक करून तरंगत वर येत होती. मुकादमीण ती मुकाट्याने पुन्हा खोचत होती.