राजमतीचं रात्री बाराचं जेवण

दिवस मावळल्यावर जैनाच्या घरात तोंडात घास जात नाही, आणि राजमतीनं तर हा नेम सातव्या वर्षापासून पाळलेला. १९७४ साली ती आणि तिचा नवरा दादासो जीप घेऊन परदेश बघायला निघाले, तेव्हा चुलत सासू रत्नाबाईंनी दारातच सुनावलं, "पोरबाळ न्हाय, तर तीर्थाला जावा की! परमुलखात रात्रीचं जेवून बाटशील."

"बाटले तर येऊन सांगीन," म्हणून राजमती जीपमध्ये चढली.

मुंबईत जीप बोटीवर चढवून दोघं इराणला उतरली. पुढं चौदा महिने, अकरा देश. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ चालवलेला दादासो जीप दुरुस्त करायचा आणि राजमती स्टोवर आमटी-भात शिजवायची, दिवस मावळायच्या आत.

परत आल्यावर जैन बस्तीत, म्हणजे देवळात, मंडपाखाली बायका जमल्या. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या गोष्टी सांगताना राजमती म्हणाली, "तिथं आम्ही रात्री बारा वाजता जेवलो."

रत्नाबाई कडाडल्या, "बाटलीस न्हवं? नाक घास देवाम्होरं!"

"कशाला?" राजमती उठून उभी राहिली. "ताटात ऊन पडलं व्हतं. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच न्हाय. माझा नेम सूर्याशी हाय आत्ती, तुमच्या घड्याळाशी न्हाय."

"देवळात बसून थापा मारतीस?"

राजमतीनं कनवटीची किल्ली काढली आणि रत्नाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"जीप भाईर उभी हाय. या सूर्य बगून."