चेहरा रविवारी जास्त जळायचा

सिस्टर आधी नाव विचारायच्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायच्या, दुखरी जागा खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "हे कधीपासून?"

चाकणच्या आमच्या कंपनीत गेटजवळ प्रथमोपचाराची खोली होती. तिथं त्या बसायच्या. लातूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नाव हजेरीवर असेल कुठंतरी, आमच्यासाठी नुसत्या सिस्टर. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, गोळी देण्याआधी ज्याला अख्खी गोष्ट ऐकायची असते.

एकदा फोर्कलिफ्ट चालवणारे एक भाऊ डोकं दुखतं म्हणून गोळी मागायला आले. सिस्टरनी त्यांना हेल्मेट काढायला लावलं. कपाळावर लालभडक वळ! "पट्टा ढिला करा की हो. गोळी कशाला पायजे?" भाऊ गोळी न घेताच गेले, पण जरा नाराज होऊन.

मी तेव्हा मशीनवर नवी ऑपरेटर होते. दिघीत खोली घेऊन राहायचे. आठ महिने शिकून मशीन हातात आलं होतं आणि नेमका तेव्हाच माझा चेहरा बिघडला. गाल लाल, हनुवटीला पुरळ, पाणी लागलं तरी आग. सुपरवायझर म्हणाले, "कुलंटची ॲलर्जी दिसते. सोमवारपासून पॅकिंगला जा." मशीनवर धातू कापताना जे दुधासारखं पाणी वाहतं, ते कुलंट. त्याची ॲलर्जी म्हणजे मशीन कायमचं सुटलं. मी सिस्टरकडे जाऊन रडलेच.

त्यांनी मला रुमाल दिला आणि थेट माझ्याबरोबर मशीनच्या शॉपवर आल्या. दहा मिनिटं मशीनपुढं उभ्या राहिल्या.

"हे पाणी तोंडावर उडतंय का?"

"नाही, मध्ये काच आहे. हाताला लागतं."

त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "मग हात कसे चांगले हायेत गं माय?"

मीही हात वळवून वळवून पाहिले.

"सुट्टीला कमी होतं?"

"उलट रविवारी जास्त जळतं."

"रविवारी काय करतीस?"

मी खाली बघत सांगितलं. रविवारी वेळ असायचा, म्हणून मी सगळंच लावायचे. मोबाईलवर बघून बघून जमवलेलं. स्क्रब, टोनर, दोन सीरम, मास्क आणि आणखी काय काय. सिस्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांचे डोळे मात्र चमकले. "उद्या सगळं घेऊन ये."

गेटवर वॉचमननं पिशवी उघडली. "मॅडम, दुकान टाकताय का?"

सिस्टरनी नऊ बाटल्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीवरचं बारीक अक्षर वाचत बसल्या. "हे काय करतंय? आन् हे?" नवव्या बाटलीपर्यंत मला धड एकाही गोष्टीचं उत्तर देता आलं नाही. दोन बाटल्या त्यांनी शेजारी ठेवल्या. "ह्या दोघींत एकच ॲसिड हाय. वरून तू स्क्रबनं घासालीस. कातडं बिचारं काय करंल?"

मग त्यांनी विचारलं, "पण कशासाठी गं एवढं?"

"कंपनीतली दिसू नये म्हणून."

"कंपनीतली कशी दिसती?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगायला गेले आणि मलाच हसू आलं. त्याही हसल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

साधा फेसवॉश, एक बिनवासाचं क्रीम, बाहेर पडताना सनस्क्रीन. एवढंच ठेवलं. "बाकीचं बंद. बरं वाटलं की पंधरा दिवसांनी एक लावून बघ, मग आणखी पंधरा दिवसांनी दुसरं. कोण चावतंय ते कळंल. आन् थांबलं नाही तर कातड्याच्या डॉक्टरकडं जायचं, मी सांगितलं म्हणून बसू नको."

सुपरवायझरना त्या म्हणाल्या, "साहेब, पोरीला दोन आठवडे मशीनवरच ठेवा. कुलंट असंल तर माझी चूक."

ते दोन आठवडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत सिस्टरच्या खिडकीशी उभी राहायचे. पहिले चार दिवस काहीच फरक नव्हता. मला धीर धरवत नव्हता, सिस्टर मात्र रोज नव्यानं बघायच्या. पाचव्या दिवशी आग कमी झाली. दुसऱ्या आठवड्यात लाली गेली. सुपरवायझर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "राहा मग मशीनवरच." पुढं त्या बाटल्यांतली एकही उघडावीशी वाटली नाही. हे सांगितल्यावर सिस्टर हिरमुसल्या. त्यांना कोण चावत होतं ते शोधायचं होतं!

दीड वर्षानं कंपनीनं सिस्टर पुरवणारी एजन्सी बदलली आणि सिस्टरही बदलल्या. आम्हाला कळलं तेव्हा त्या गावी गेल्या होत्या. निरोप घ्यायचा राहिला.

परवा पत्र्यानं बोट कापलं. नव्या सिस्टरनी जखम धुतली, पट्टी व्यवस्थित बांधली, माझा हजेरीचा टोकन नंबर लिहून घेतला. दोन मिनिटांत काम झालं. मी तरी उठले नाही. काय झालं, कसं झालं, सगळं सांगायच्या तयारीनं तशीच बसून राहिले.