वगळलेल्या शाळेतली आई

आमच्या वेळी मालवणहून मुंबईला आगबोटीने जायचे. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथवर पडावाने, म्हणजे लहान होडीने, पोचायचे. बाबा गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते, त्या दिवशी पडाव त्यांनीच हाकला. मी पीएच.डी.साठी अमेरिकेला निघाले होते. विषय मानसशास्त्रातले मापन. "मनाचा माप कशान घेतत गो?" बाबांनी विचारले.

तिकडे तेच शिकले. तळघरातले संगणकयंत्र, भोके पाडलेल्या पंचकार्डांचे गठ्ठे, एक कार्ड चुकले की सगळे पुन्हा. डोळे कायम चुरचुरत. पदवीनंतर त्याच गावात नोकरी लागली. मुले शाळा सोडून भरकटतात, ते आधीच कसे रोखावे, याचे संशोधन. काही शाळांना आम्ही जादा शिक्षिका दिल्या, काहींना नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवले; त्याशिवाय तुलना खरी होत नाही.

एके दुपारी वगळलेल्या शाळेतल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. लाँड्रीत कामाला होती, हात सोललेले. "आमच्या शाळेला का नाही?" मी तुलनेचे समजावले. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे माझा मुलगा बिघडला, तर तुमच्या उपयोगाचा."

मग मी संशोधनाच्या प्रमुखांच्या मागे लागून अभ्यासानंतर त्या शाळांनाही शिक्षिका द्यायचे कबूल करून घेतले. ते पार पडावे म्हणून मोठ्या विद्यापीठातली जागा नाकारली. शिक्षिका पोचल्या तोवर तिच्या मुलाने शाळा सोडली होती. तिची धाकटी मुलगी मात्र शाळेत टिकली.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, परत का आली नाहीस? माझ्यासारखे गेलेले कोणी विचारत नाहीत. तिकडेच थांबायचे असे मी कधी ठरवलेच नाही. एकेक काम संपवता संपवता दमून गेले.

गेल्या खेपेला मालवणात नुसती झोपत होते. एका सकाळी आई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "घराक कधी जातलंस?"

घराक. तिला स्वतःला ते जाणवलेही नसावे. इतकी वर्षे तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ हे अंगण, ही पडवी असाच होता.

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटले, आणि तिच्याशेजारी बसून सोलं पसरू लागले.