पदवीचा मुद्देमाल

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. अकोल्यातलं हे एक आठवलं की मात्र आजही डोकं तापतं.

एका खासगी शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आमच्या पोलीस ठाण्यात आले. कार्यालयाच्या कपाटातून दस्तऐवज चोरीला गेले, संशय एका शिक्षिकेवर. गुन्हा नोंदवून पाहणीला गेलो, तर तिथल्या शिपायानं फाटकाशी गाठून हळूच सांगितलं, "सायेब, म्याडमनं आपलेच कागद नेले. इथं रुजू होतानाच सगळ्यायचे ओरिजनल ठेवून घेतात, कोनी सोडून जाऊ नये म्हनून."

आत गेलो आणि जावक रजिस्टर मागितलं. शेवटची नोंद त्या बाईंच्याच हातची: 'मूळ गुणपत्रिका सात, पदवी प्रमाणपत्रे तीन, स्वतः नेली.' खाली ठसठशीत सही! असा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्यांना ठाण्यात बोलावलं. बाळापूरकडच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या, एम.एस्सी., बी.एड.

"विचारून का नाही नेले?" मी दरडावलं.

"चार डाव मांगतले, सायेब. देतच नाईत. परवा अमरावतीले कागद तपासनी हाये, सरकारी शाळेच्या नोकरीची. माही वयाची अट यंदाच संपून राहिली. मंग काय करू, तुमीच सांगा!" त्यांनी पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली.

काय चुकलं होतं हो त्यांचं? दुसऱ्याच्या पदव्या कुलपात डांबणारा खुर्चीत चहा पिणार आणि शिकलेली बाई आरोपीच्या बाकावर! संताप संताप झाला. पण अध्यक्षांनी वरून फोन लावले होते. छायाप्रती ठेवून मूळ कागद देता येतील का, हे वरिष्ठांना विचारायचंही मी टाळलं. पंचनामा केला, फाईल मुद्देमाल म्हणून जप्त करून लाखेचं सील मारलं. "कोर्टात अर्ज करा, मिळतील परत," असं त्यांनाच वर ऐकवलं.

कोर्टाचा आदेश यायला तीन आठवडे लागले. फाईल न्यायला आल्या तेव्हा मी तपासणीचं विचारलं.

"ओरिजनल नाई म्हनून रांगेतून बाहेर काढलं," एवढंच त्या बोलल्या.

लोकांची पारख मला आहे, असं मी समजत होतो. त्या अध्यक्षांना आजही शिव्या घालतो. पण तपासणीच्या दिवशी ते कागद अध्यक्षांच्या कपाटात नव्हते. माझ्या ताब्यात होते.